गावातल्या कामावर देखरेख: ग्रामसभेच्या समितीने बिल निघण्याआधी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

गावात काँक्रीटचा रस्ता होतो, दोन पावसाळ्यांत उखडतो आणि मग ग्रामसभेत आरडाओरडा होतो. तोवर ठेकेदाराचं अंतिम बिल निघालेलं असतं, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं अभियंता जिच्यात लिहितो ती वही) सह्या झालेल्या असतात आणि कागदावर रस्ता अगदी नियमाप्रमाणे झालेला असतो. आमच्या गावात एकदा हेच झालं. रस्ता पातळ आहे हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं, पण तो किती जाड असायला हवा होता हे सांगणारा कागद आमच्यापैकी एकाकडेही नव्हता.

पुढच्या कामाला आम्ही आधी समिती केली आणि अंदाजपत्रक हातात घेऊनच कामावर उभे राहिलो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरण गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचं घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. गटार, पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली यांनाही क्रम हाच.

## आधी एक गैरसमज

देखरेख समिती म्हणजे पोलीस नव्हे. तिला काम बंद पाडता येत नाही आणि बिलही अडवता येत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४९ खाली ग्रामविकास समित्या नेमता येतात. ग्रामसभा ठराव करून एखाद्या कामापुरती समितीही नेमू शकते. समितीचं काम तीन गोष्टींपुरतं: कागद पाहणं, जागेवर पाहणं, आणि जे दिसलं ते तारखेसह लिहून अभियंत्याला व ग्रामसभेला देणं. ठेकेदाराला दम देणारी समिती आठ दिवसांत मोडते. लिहून ठेवणारी समिती वर्षभर टिकते, आणि तिच्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं.

## टप्पा १: ठराव नीट घ्या

निम्म्या समित्यांचं काम इथेच बिघडतं. सभेत कुणीतरी ओरडतं, 'कामावर लक्ष ठेवायला समिती करा', सगळे हो म्हणतात आणि इतिवृत्तात एक ओळ येते: 'समिती नेमण्याचे ठरले.' कोणाची, कोणत्या कामासाठी, काय करायला, याचा पत्ता नसतो.

विषय लेखी द्या, आणि सभेची नोटीस निघायच्या आधी द्या. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे अर्ज त्याच्याही आधी ग्रामपंचायतीत पोचला पाहिजे. पोच घ्या. 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली घुसवलेला ठराव पुढे पहिल्या भांडणात उडवला जातो.

ठरावात एवढं आलंच पाहिजे:

कामाचं पूर्ण नाव आणि जागा ('अमक्या मंदिरापासून तमक्या घरापर्यंत'), योजनेचं नाव, समितीच्या सदस्यांची पूर्ण नावं, 'अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोजमापाच्या नोंदींच्या प्रती समितीस देण्यात याव्यात' हे वाक्य, 'अंतिम देयकापूर्वी समितीच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी व्हावी' हे वाक्य, आणि अहवाल कोणत्या ग्रामसभेत मांडायचा ते. खाली सूचक आणि अनुमोदक.

प्रती देण्याचं वाक्य विसरू नका. ते ठरावात असलं तर अर्धे कागद माहिती अधिकाराशिवाय मिळतात.

तपासा: गणपूर्ती झाली होती का? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. हजेरीवहीवरच्या सह्या मोजा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवीन विषय घेता येत नाही. सभा तहकूब होईल असं वाटत असेल तर तुमचा विषय मूळ नोटिशीत असणं आणखीच महत्त्वाचं.

सावध: ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागा. इतिवृत्त 'नंतर सावकाश' लिहिलं गेलं की वाक्यं बदलतात.

## टप्पा २: माणसं

पाच ते सात पुरे. त्यात एक मिस्त्री किंवा सेंट्रिंगचं काम केलेला माणूस हवा, एक हिशेबाला पक्का हवा आणि त्या गल्लीतली एखादी बाई हवीच. काम दुपारी चालतं, तेव्हा पुरुष रानात किंवा नोकरीवर असतात. मिक्सर किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे घरातून तिलाच दिसतं.

पडलेल्या पॅनेलची माणसं भरून समिती करू नका. तिचा अहवाल कितीही खरा असला तरी 'राजकारण आहे' या दोन शब्दांत तो संपतो. ठेकेदाराचे नातेवाईकही नकोत. आणि पंचायतीचा सदस्यच आडून त्या कामाचा ठेकेदार असेल तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे: पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य कलम १४ प्रमाणे अपात्र ठरू शकतो, आणि तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. समितीने त्यात अडकू नये. तो अर्ज कुणा मतदाराने स्वतंत्रपणे करावा.

## टप्पा ३: काम कोणाचं ते आधी शोधा

गावात झालेलं प्रत्येक काम ग्रामपंचायतीचं नसतं. त्याच गल्लीत वित्त आयोगाच्या पैशातून ग्रामपंचायत काम करते, पलीकडचा जोडरस्ता जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असतो आणि मोठा रस्ता मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. चुकीच्या दारात अर्ज टाकला की महिना जातो.

कामाच्या जागी माहिती फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. फलक नसेल तर तीच पहिली लेखी नोंद. काम ग्रामपंचायतीचं आणि वित्त आयोगाचं असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. तिथे कामाचं नाव आणि रक्कम पाहून घ्या. आराखड्यातलं नाव आणि फलकावरचं नाव जुळत नसेल तर थांबा आणि आधी त्याचा खुलासा मागा. एकच रस्ता दोन योजनांत दाखवण्याचा प्रकार इथेच पकडता येतो.

## टप्पा ४: कागद मिळवा

सगळा जोर इथे लावायचा.

लागणारे कागद: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश. काम पुढे गेल्यावर मोजमाप पुस्तिका (जिला सगळे 'एमबी' म्हणतात), चाचणी अहवाल, चालू आणि अंतिम बिलं, पूर्णत्वाचा दाखला.

पहिली मागणी ठरावाची प्रत जोडून साध्या पत्राने करा. आठ दिवसांत काही हाती आलं नाही तर माहिती अधिकार. त्यात नेहमी होणाऱ्या चुका अशा:

समितीच्या नावाने अर्ज करणं. माहिती अधिकार कायदा, २००५ हा हक्क नागरिकाला देतो. 'देखरेख समिती, अमुक गाव' अशा नावाने अर्ज केला की परत येण्याचं आयतं कारण मिळतं. एका सदस्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्याने अर्ज करावा.

एका अर्जात सगळ्या गावाची कामं मागणं. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा असं आहे. 'गेल्या दहा वर्षांतील सर्व विकासकामांची माहिती' या अर्जातून काहीही निघत नाही. एक काम, एक अर्ज.

प्रश्न विचारणं. 'काम निकृष्ट का झाले?' ही माहिती नव्हे. कागद मागा.

अर्जातला मजकूर असा चालतो:

'ग्रामपंचायत ……… हद्दीतील ……… ते ……… सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, चाचणी अहवाल व अदा केलेल्या देयकांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. तसेच कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे सदर कामाची व अभिलेखांची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.'

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रतींचा दर पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तुम्हाला परत पाठवणं नव्हे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

अर्जाच्या मजकुरातल्या शेवटच्या वाक्यातली पाहणी फार थोडे लोक मागतात. माहिती अधिकारात कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. काम चालू असताना हा अर्ज हातात असला की जागेवर उभं राहायला कुणी हरकत घेत नाही.

सावध: गल्लीतला रस्ता आठवड्यात उरकतो आणि माहितीला महिना लागतो. म्हणून अर्ज मंजुरीची बातमी कळताच टाका, मिक्सर आल्यावर नव्हे.

तपासा: कागद हाती आल्यावर मजकूर वाचण्याआधी फक्त तारखा एका वहीत ओळीने उतरवा. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, दोन्ही मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप, बिल. कार्यारंभ आदेश मान्यतेच्या आधीचा, किंवा मोजमाप काम संपायच्या आधीचं, असं काही दिसलं तर त्या एका विसंगतीवरच लेखी खुलासा मागा. तारखांवर वाद घालता येत नाही.

## टप्पा ५: अंदाजपत्रक माणसांच्या भाषेत आणा

अंदाजपत्रक पाहून लोक घाबरतात. प्रत्यक्षात त्यात चार-पाचच बाबी असतात: खोदाई, मुरूम किंवा खडीचा थर व दबाई, काँक्रीट, कधी बाजूपट्ट्या, आणि शेवटी कर व उपकर. प्रत्येक बाबीपुढे लांबी, रुंदी, जाडी, परिमाण आणि दर. दर दरसूचीतून येतात, तिथे तुम्ही फार डोकं घालू नका. तुमचा विषय परिमाण.

समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि काँक्रीट १५ सेंटिमीटर. १०० गुणिले ३ गुणिले ०.१५, म्हणजे ४५ घनमीटर. आता जाडी फक्त तीन सेंटिमीटरने कमी पडली, १२ झाली, तर काँक्रीट ३६ घनमीटर लागतं. नऊ घनमीटर गायब, म्हणजे पाचवा हिस्सा. वरून पाहून हे कुणालाही कळत नाही, लांबी-रुंदी तर बरोबरच भरते.

सिमेंटचाही हिशेब ठेवा. एम-२० दर्जाचं काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात जागेवर केलं तर घनमीटरला साधारण ८ पोती लागतात. ४५ घनमीटरला सुमारे ३६० पोती. रेडीमिक्स (बाहेर तयार होऊन गाडीतून येणारं काँक्रीट) येणार असेल तर पोत्यांऐवजी गाड्या मोजायच्या. ६ घनमीटरची गाडी असेल तर आठ खेपा, आणि प्रत्येक खेपेच्या चलनाचा फोटो.

हे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: लांबी, रुंदी, जाडी, काँक्रीटचा दर्जा, पोती किंवा गाड्या. त्याची एकेक प्रत प्रत्येक सदस्याच्या खिशात. बाकीची फाईल घरी ठेवा.

## टप्पा ६: काँक्रीट पडण्याआधीची सकाळ

देखरेख म्हणजे काँक्रीट टाकताना उभं राहणं, असं बहुतेकांना वाटतं. खरी वेळ त्याच्या आधीची. एकदा काँक्रीट पडलं की खालचा थर कायमचा झाकला जातो.

दोन्ही बाजूंच्या फळ्या ठोकून झाल्या की समोरासमोरच्या फळ्यांच्या वरच्या कडेवरून आडवी दोरी ताणा. टेपने दोरीपासून खालच्या जमिनीपर्यंत मोजा: डावी कड, मध्य, उजवी कड. दर दहा मीटरवर असंच. वहीत तीन रकाने करा आणि आकडे भरत जा.

मध्य मोजायला विसरू नका. आमच्या गल्लीत दोन्ही कडांना १५ सेंटिमीटर बरोबर भरले, आणि मधे ११. मुरमाची पाठ मधे फुगवून ठेवली होती. नंतर कडेला खणून पाहिलं असतं तर सगळीकडे १५ दिसले असते. आम्ही वहीचं पान शाखा अभियंत्यांना दाखवलं, फोटो पाठवले. त्यांनी मिक्सर थांबवायला सांगितला आणि दोन तासांत मजुरांनी मधला मुरूम खरवडून काढला. कुणाशी भांडण झालं नाही, एक अर्जही करावा लागला नाही.

तपासा: मुरूम किंवा खडीच्या थराची दबाई झाली आहे का, आणि त्यावर पाणी मारलं आहे का? कोरड्या मुरमावर काँक्रीट टाकलं तर खालचा थर त्यातलं पाणी शोषून घेतो.

## टप्पा ७: काँक्रीट टाकताना

दोन सदस्य पुरेत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकजण पोती किंवा गाड्या मोजतो, दुसरा जागेवर.

वाळू-खडी मापाच्या पेटीने पडते की घमेल्याने, ते पहा. घमेलं कधी शिगोशीग तर कधी अर्धं, त्याला प्रमाण नसतं. पाण्याकडे तर डोळ्यात तेल घालून पहा. काँक्रीट पटकन पसरावं म्हणून मजूर पाईप सोडून देतात आणि जास्त पाण्याने ताकद उतरते. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) आणला आहे का आणि तो चालू आहे का, हेही लिहा.

ओल्या काँक्रीटमध्ये एक सळई सरळ खाली टेकेपर्यंत घाला, बाहेर काढा आणि ओली रेघ टेपवर मोजा. दोरीने घेतलेल्या मापाशी हे जुळलं पाहिजे.

चाचणीसाठी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने, आणि एका नमुन्याचे तीन ठोकळे. आपल्या ४५ घनमीटरला बारा. ठोकळे याच मिक्सरच्या मालातून भरले जातात हे पहा आणि ओल्या ठोकळ्यावर खिळ्याने तारीख कोरून घ्या. ताकदीचा खरा निकाल २८ दिवसांचा. अहवाल आला की त्यावरची ठोकळा भरल्याची तारीख तुमच्या वहीशी ताडून पहा.

सावध: ठेकेदाराच्या माणसांना सूचना देऊ नका. 'पाणी कमी घाला' हे तुम्ही सांगायचं नाही. अभियंत्याला फोन करा, मग तोच निरोप लेखी पाठवा. तुम्ही सूचना दिलीत की उद्या 'समितीच्या सांगण्यावरून केलं' हे उत्तर तयार असतं.

पुढचे साधारण १४ दिवस रस्ता ओला राहिला पाहिजे. गोणपाट किंवा मातीचे आळे आणि पाणी. ही जबाबदारी गल्लीतल्या घरांना वाटून द्या, पण पाणी मारण्याची नव्हे. पाणी मारणं ठेकेदाराचं काम आहे. घरांनी रोज सकाळी एक फोटो काढायचा, एवढंच.

## टप्पा ८: अंतिम बिलाआधी संयुक्त मोजणी

एमबी सहसा शाखा किंवा कनिष्ठ अभियंता लिहितात, उपअभियंता तपासतात. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) मोजमाप लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी यावरून भांडू नका.

काम संपताच ठरावाचा हवाला देऊन संयुक्त मोजणीची तारीख लेखी मागा. प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. मोजणीच्या वेळी टेपचं एक टोक तुमच्या माणसाच्या हातात हवं. आकडे जागेवरच कागदावर लिहा आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. कुणी सही नाकारली तर 'सही करण्यास नकार' असं लिहून बाकीच्यांनी सह्या करा.

जाडीबद्दल शंका उरलीच तर स्वतः पहार घेऊन रस्ता फोडू नका. ते सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान ठरतं आणि खटला तुमच्यावर होतो. कोअर (यंत्राने कापून काढलेला गोल तुकडा) काढून तपासणी करावी अशी लेखी मागणी करा, सोबत दोरीच्या मापांची पानं जोडा.

तपासा: एमबीमधली लांबी, रुंदी, जाडी तुमच्या मापांशी ताडा. बिल निघालं की ई-ग्रामस्वराजवरची रक्कम आणि एमबीची रक्कम एकच आहे का ते पहा.

## टप्पा ९: अहवाल

दोन पानं, त्याहून जास्त नको. पहिल्या पानावर तक्ता: बाब, अंदाजपत्रकात किती, जागेवर किती, फरक. दुसऱ्यावर तारीखवार नोंदी आणि फोटोंची यादी. 'भ्रष्टाचार', 'निकृष्ट', 'संगनमत' हे शब्द काढून टाका. 'मध्यभागी जाडी ११ सेंटिमीटर, अंदाजपत्रकात १५' हे वाक्य पुरेसं बोलतं. चांगलं झालं असेल तेही लिहा. आमच्या अहवालात पाणी नीट मारल्याची नोंद होती, म्हणून बाकीच्या नोंदींवर लोकांनी विश्वास ठेवला.

अहवाल ग्रामसभेत वाचा आणि ठराव मागा: फरक असेल तर 'फेरमोजणी करून मगच अंतिम देयक अदा करावे', नसेल तर 'काम समाधानकारक'. महिला सभा नियमित ग्रामसभेच्या आधी होते, अहवाल तिथेही वाचा. आपला भाग पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा लागू असलेलं क्षेत्र) असेल तर ग्रामसभेचा हात आणखी बळकट असतो: निधी योग्य रीतीने वापरल्याचा दाखला पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. अहवाल हातात असल्याशिवाय त्या दाखल्यावर हात वर करू नका.

## टप्पा १०: दाद लागली नाही तर

क्रम पाळा: गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक पत्राला ठराव, दोन पानी अहवाल आणि आधीच्या पत्राची पोच जोडा. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखा परीक्षा विभाग करतो, तिथे अहवालाची प्रत द्या. पंचायतीच्या पदाधिकाऱ्याची गैरवर्तणूक दिसत असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. एकदम मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो काढल्याने फाईल परत गटविकास अधिकाऱ्यांकडेच येते, दोन महिने वाया घालवून.

आणि कार्यारंभ आदेशात किंवा करारात दोष दायित्व कालावधी किती लिहिला आहे तो शोधा. त्या मुदतीत रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची सुरक्षा अनामत त्यासाठीच अडकवलेली असते. ती मुदत संपण्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर टेप घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारा. भेगा दिसल्या तर जागा, लांबी आणि फोटोसह पत्र त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. अनामत परत गेल्यावर ते पत्र घ्यायला कुणी बांधील नसतं.